लोटेकरांची होडी

“मावळ्यांची तोंडं आत का?”

आप्पा गॅरेजच्या दारात उभे होते. अंगात जावयाचं जाड जॅकेट, कानाला मफलर, हातात चहाचा कप. समोर आमचा किल्ला, मी आणि माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने दोन शनिवार-रविवार खपून केलेला. न्यू जर्सीत दिवाळीच्या सुमाराला पहाटे गवतावरचं दहिवर गोठायला लागतं, त्यामुळे किल्ला अंगणात होत नाही. गाडी बाहेर काढायची आणि तिच्या जागी सह्याद्री उभा करायचा. गोणपाट मिळत नाही म्हणून जुने टॉवेल चिखलात बुडवून अंथरलेले, आत दगडांऐवजी सामानाचे रिकामे खोके. माती दुकानातून पिशवीने विकत आणलेली. तिला मातीचा वास नाही, कुजलेल्या सालपटांचा आहे. हळीव गॅरेजच्या गारठ्यात उगवेनात, तेव्हा ताटात कापसावर पेरून ताट हीटरच्या झरोक्यापाशी ठेवलं आणि कोंब आल्यावर उचलून कडेकपारीत बसवलं. मावळे मात्र पुण्याचे. दर भारतवारीत चार-पाच, प्रत्येक जण एकेका मोज्यात गुंडाळून बॅगेच्या मधोमध. आता एकवीस झालेत. तिघांचे भाले वाटेत मोडले, त्यांच्या हातात टूथपिक आहेत.

मी म्हटलं, “बाहेर केली तर चेहरे दिसत नाहीत ना, आप्पा. बघणारा इकडे उभा असतो.”

“पहारा कुणी बघावा म्हणून असतो का?”

एवढं बोलून ते आत गेले. टोमणा नव्हता तो. चौतीस वर्षं शाळेत ड्रॉइंग मास्तर होते ते, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवण्यात हयात गेली. चूक दिसली की त्यांचं बोट आपोआप तिकडे जातं आणि पुढच्या क्षणी ते विसरूनही जातात. पण मला ते बोलणं चिकटलं. रात्री भांडी मशीनमध्ये लावताना मी आठवायला लागले, लहानपणी दाभोळच्या आमच्या अंगणात मावळे कुठे तोंड करून असायचे? आठवेना. मग लक्षात आलं की तिथे तो प्रश्नच नव्हता. किल्ला अंगणाच्या मधोमध असायचा. पाणी भरायला, तुळशीला, गोठ्याकडे जाणारं माणूस त्याला वळसा घालून जायचं. आत-बाहेर सगळीकडे माणसंच. इथे माझ्या किल्ल्याची पाठ गॅरेजच्या भिंतीला. नाटकाच्या सेटसारखा, एकाच बाजूने बघायचा. आणि मागची बाजू? तिथे नुसते खोके, त्यांच्यावरचे पत्ते आणि बारकोड.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आप्पांना घेऊन न्यूयॉर्कला मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये गेलो. त्यांची कित्येक वर्षांची इच्छा होती. सकाळभर ते एकेका चित्रापुढे अशा वेगाने सरकत होते की आपण पुढच्या दालनात तरी संध्याकाळपर्यंत पोचू की नाही अशी मला शंका यायला लागली. शेवटी लेकीनेच त्यांचा हात धरून ओढत नेलं, कारण तिला ‘तिचं’ चित्र दाखवायचं होतं, शाळेच्या पुस्तकातलं. अमेरिकन विभागातल्या एका दालनाची अख्खी भिंत त्या चित्राने खाल्लेली आहे. साडेबारा फूट उंच, एकवीस फुटांहून लांब, भोवती सोनेरी चौकट आणि चौकटीच्या माथ्यावर पंख पसरलेला गरुड. बर्फाचे तुकडे तरंगणारी नदी, त्यातून चाललेली एक होडी, होडीत माणसं खच्चून भरलेली आणि त्यांच्यामध्ये एक पाय पुढे रोवून ताठ उभा वॉशिंग्टन. मागे झेंडा, त्याच्याही मागे पहाट फुटत असलेलं आभाळ. या देशात मूल शाळेत गेलं की हे चित्र त्याच्या वाट्याला येतंच, आपल्याकडे अफझलखानाच्या वधाचं येतं तसं.

आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. आधी त्यांनी कॅनव्हासला जोड कुठे आहे ते शोधलं, मग मागे जाऊन बाकावर टेकले, मग परत उठले. आणि मग मास्तरांचं बोट हळूहळू वर आलं.

“ही होडी आता बुडणार.”

दालनात शांतता होती. दोन गोऱ्या आजीबाईंनी वळून पाहिलं. आप्पांना कोण थांबवणार? त्यांचं लहानपण खाडीपलीकडून रोज तरीने शाळेत येण्यात गेलंय. “एवढीशी होडी, बारा-तेरा माणसं, त्यात हा उभा, झेंडा धरणारे दोघं उभे. भार सगळा वर. आमच्या तरीत कोण असा उठला असता तर तांडेलाने मानगूट धरून खाली बसवला असता, मग तो कलेक्टर का असेना. आणि वल्ही बघ. ह्यातल्या एकालाही वल्हं धरता येत नाही. तो पुढचा तर वल्हवतच नाहीये, बर्फ लोटतोय.” मग जरा थांबून, “ह्या मागच्या होडीत घोडे आहेत. घोडे!” पोटात हसू मावेना म्हणून मी लेबल वाचायला वळले. इमॅन्युएल लॉइट्झ, अमेरिकन. आणि जन्मगाव मात्र जर्मनीतलं. मोठ्याने वाचून दाखवलं. आप्पांना ते नाव काही जिभेवर बसेना. दोन-तीनदा प्रयत्न करून त्यांनी त्याचं बारसंच करून टाकलं.

“लोटेकर. बर्फ लोटतोय म्हणून लोटेकर. आपल्या लोटे-परशुरामचाच असणार.”

त्या दिवसापासून आमच्या घरात तो लोटेकर आहे.

येताना ट्रेनमध्ये आप्पा झोपले आणि मी फोनवर लोटेकरांची चौकशी करत बसले. पुढचे काही दिवस ती चौकशी संपली नाही. १८१६ साली श्वेबिश ग्म्युंड नावाच्या गावी जन्म. आईबाप नऊ वर्षांच्या पोराला घेऊन अमेरिकेला आले आणि फिलाडेल्फियात राहिले. नऊ वर्षांच्या. मी झोपलेल्या आजोबांच्या खांद्यावर डोकं टाकून बसलेल्या माझ्या लेकीकडे पाहिलं. बाप आजारी पडला, पोरगा त्याच्या खाटेशी बसून राहायचा, आणि ते लांबलचक तास जाता जाईनात म्हणून चित्रं काढायला लागला. बाप गेला १८३१ मध्ये. पोरगा पंधराचा. मग पाच-पाच डॉलरला माणसांचे चेहरे काढून द्यायचे आणि घर चालवायचं. मला आप्पांचे दिवस आठवले, दुकानांच्या पाट्या रंगवून ड्रॉइंग मास्तरकीचा डी.टी.सी. कोर्स पूर्ण केलेले. त्यांच्या हाताला टर्पेंटाइनचा वास मी शाळेत जायला लागेपर्यंत होता.

पुढची गोष्ट मात्र उलट्या दिशेने जाते. सगळं युरोप अमेरिकेच्या बोटीत चढत असताना हा पंचविशीतला लोटेकर, चार पैसेवाल्यांनी मदत केली म्हणून, १८४१ मध्ये चित्रकला शिकायला परत जर्मनीला गेला. ड्युसेलडॉर्फला. शिकायला गेला तो अठरा वर्षं राहिला. लग्न तिथलंच, मुलंबाळं तिथलीच. आणि ऱ्हाइन नदीच्या काठच्या त्या गावात बसून तो काढत काय होता? कोलंबस. वॉशिंग्टन. अमेरिका. फिलाडेल्फियात असता तर त्याने अमेरिका काढली असती का? मला शंका आहे. तिथे पाच डॉलरवाले चेहरे वाट बघत बसलेले असतात. मी दाभोळला असताना एकदाही स्वतःहून किल्ला केला नाही. तो भावाचा आणि गल्लीतल्या मुलांचा उद्योग होता, मी फार तर हळिवाला पाणी घालायचे. किल्ल्याचं वेड मला इथे आल्यावर लागलं, चाळिशीत.

तर चित्राकडे. १८४८ मध्ये जर्मनीत क्रांती पेटली, आणि वर्षभरात विझवलीही गेली. लोटेकरांची सगळी सहानुभूती क्रांतीकडे. आजूबाजूला हरलेली, खचलेली, देश सोडायला निघालेली माणसं. अशा वेळी त्याने हा प्रसंग निवडला: २५ डिसेंबर १७७६ची रात्र, इंग्रजांशी लढताना हरत चाललेलं वॉशिंग्टनचं सैन्य, हाडं गोठवणारी थंडी, आणि तरी डेलावेअर नदी ओलांडून सुमारे २४०० माणसं पलीकडे जातात नि सकाळी ट्रेंटनवर छापा घालून जिंकतात. बघा, असंही होतं, हे त्याला सांगायचं होतं, आणि सांगायचं होतं ते जर्मनांना. पण गंमत अशी की ट्रेंटनमध्ये ज्यांच्यावर छापा पडला ते कोण होते? जर्मनच. हेसनचे भाडोत्री शिपाई, त्यांच्या राजाने इंग्रजांना पैसे घेऊन दिलेले. म्हणजे जर्मन पोराने जर्मनीत बसून जर्मनांना धीर देण्यासाठी जर्मनांच्या पराभवाचं चित्र काढलं. हे मी आप्पांना जेवताना सांगितलं. त्यांनी आमटीचा भुरका मारला आणि म्हणाले, “लोटेकर भलताच निघाला.”

अजून पुढे. त्याला वॉशिंग्टनसाठी जर्मन मॉडेल पसंत पडेनात, कुणी काटकुळा, कुणी सुटलेला. मग अमेरिकेतून येईल-जाईल त्या पाहुण्याला तो धरायचा. व्हिट्रेज नावाचा तरुण चित्रकार १८४९ मध्ये ड्युसेलडॉर्फला पोचला आणि लगेच त्याच्या तावडीत सापडला. त्याच्या अंगावर वॉशिंग्टनच्या गणवेशाची हुबेहूब नक्कल चढवली, हातात दुर्बीण दिली आणि झग्याची घडी एका दमात रंगवायची म्हणून दोन तास हलू दिलं नाही. शेवटी मरायला टेकलेल्या त्या बिचाऱ्याच्या घशात शॅम्पेन ओतली. या व्हिट्रेजने पुढे मोठं नाव काढलं आणि आठवणींमध्ये हे लिहूनही ठेवलं. चित्रातला वॉशिंग्टन एवढा करारी का दिसतो, त्याचं थोडंसं श्रेय मी त्या दोन तासांना देते.

चुकांची तर यादीच आहे. चित्रातला तारे-पट्ट्यांचा झेंडा तेव्हा अस्तित्वातच नव्हता, तो ठरला सहा महिन्यांनी, जून १७७७ मध्ये. बर्फाचे ते टोकदार सुळके डेलावेअरचे नाहीत, ऱ्हाइनचे आहेत. खिडकीतून दिसत होता तो बर्फ त्याने काढला. नदी ओलांडली ती रात्री, काळ्याकुट्ट अंधारात, वर वादळ. चित्रात मात्र आभाळ उजळलेलं. होडीही चुकली. आप्पांना यादी वाचून दाखवली तेव्हा ते मागच्या खेपेइतके खूश झाले नाहीत. स्वतःला सापडलेली चूक वेगळी आणि दुसऱ्याने यादीत लिहिलेली वेगळी. फक्त उजेडाशी ते अडले. “रात्र होती म्हणतेस? मग हा उजेड आला कुठून?”

मला त्या होडीतली माणसं सोडवत नव्हती. एकाच्या डोक्यावर स्कॉटिश टोपी. त्याच्या शेजारी एक काळा माणूस. रुंद काठाच्या टोप्यांचे शेतकरी, त्यातल्या एकाच्या डोक्याला पट्टी. मागे इथल्या मूळ रहिवाशाच्या वेशातला एक. लाल सदऱ्यातला वल्हवणारा तर बाई आहे की पुरुष यावर लोक अजून वाद घालतात. सगळे निरनिराळ्या मुलखांतले, एकमेकांची भाषा येत असेल-नसेल असे, आणि गुडघ्याला गुडघा लावून बसलेले. मी रोज सकाळी सात चौपन्नच्या ट्रेनमध्ये ज्यांच्यात बसते, ते हेच. वॉशिंग्टन वगळता.

नागरिकत्वाच्या परीक्षेला मी बसले, त्याला आता सहा वर्षं झाली. तेव्हा शंभर प्रश्न पाठ करायचे, त्यातले दहा विचारणार, सहा बरोबर आले की पास. मी ते छापून फ्रिजवर लावले होते. एक प्रश्न होता, ‘आपल्या देशाचा पिता कोण?’ उत्तर वॉशिंग्टन. ते उत्तर मला झोपेतून उठवलं असतं तरी आलं असतं, पण दर वेळी ‘आपल्या’ शब्दापाशी अर्धा क्षण जायचा आणि त्या अर्ध्या क्षणात गोल चष्म्याचे, काठी टेकलेले एक म्हातारे गृहस्थ डोळ्यांपुढून चालत जायचे. मग मी घाईने वॉशिंग्टन म्हणायचे. परीक्षा घेणाऱ्या बाईंनी नेमका तो प्रश्न विचारला नाही. मला हायसं वाटलं आणि थोडं वाईटही. शपथेच्या दिवशी हातात छोटा कागदी झेंडा दिला होता, तो अजून स्वयंपाकघरातल्या खणात आहे, मेणबत्त्या आणि जुन्या चाव्यांच्या सोबत. टाकवत नाही आणि लावायला जागाही सुचत नाही.

लोटेकरांना ‘आपला’ म्हटल्यावर कोण आठवत असेल?

ते चित्र मुळात दोनदा काढलेलं आहे. पहिलं १८५० मध्ये स्टुडिओला लागलेल्या आगीत होरपळलं. पठ्ठ्याने लगेच दुसरं काढायला घेतलं. न्यूयॉर्कला १८५१ मध्ये गेलं, पन्नास हजारांवर लोकांनी रांगा लावून पाहिलं आणि आप्पांनी बोट रोखलं ते हे दुसरं. जळकं पहिलं डागडुजी होऊन ब्रेमेनच्या कलासंग्रहालयात राहिलं. १९४२ मध्ये बॉम्बहल्ल्यात ते नष्ट झालं. विमानं इंग्रजांची. वॉशिंग्टनला एकदाचं गाठलं, असं लोक तेव्हापासून गमतीने म्हणत आलेत. मला त्या गमतीचं नीट हसू येत नाही. जर्मनांना धीर द्यायला काढलेलं चित्र शंभर वर्षांनी कुठल्या जर्मनीत लटकत होतं, हे डोक्यात येतं.

१८५९ मध्ये लोटेकर अमेरिकेत परतला आणि त्याला वॉशिंग्टन शहरातल्या संसदभवनात जिन्याच्या भिंतीवर वीस बाय तीस फुटांचं चित्र काढण्याचं काम मिळालं. पश्चिमेकडे निघालेले वसाहतवाल्यांचे तांडे, डोंगर, बैलगाड्यांसारख्या टपाच्या गाड्या, पलीकडे दिसणारी सोन्याची भूमी. बाहेर यादवी युद्ध पेटलेलं, डोक्यावर इमारतीच्या घुमटाचं काम चालू, आणि हा भिंतीवर रंग लावतोय. मागे एकदा शाळेच्या सहलीबरोबर गेले होते तेव्हा मी ते चित्र पाहिलं, कुणाचं हे माहीत नसताना. आवडलं नव्हतं. आता लोटेकर घरचा झाला तरी आवडत नाही. त्यात त्याने एक काळा माणूस पुढे घेतलाय, खेचरावर बसलेल्या आई-बाळाला वाट दाखवणारा, ही त्या काळात मोठीच गोष्ट. पण ती जमीन ज्यांची होती ते मुख्य चित्रात नाहीत. शोधलं तर कडेच्या वेलबुट्टीत सापडतात. डेलावेअरच्या होडीत एकाला तरी जागा होती. मधल्या दहा वर्षांत काय झालं? उपरा माणूस एकदा आत बसला की दार कोणत्या बाजूला उघडतं हे विसरतो, असं मी लिहिणार होते, पण मग मलाच आमच्या सोसायटीच्या बैठकीत नव्या अपार्टमेंटांना विरोध करताना मी केलेली सही आठवली. असो.

१८६८च्या जुलैत, वॉशिंग्टनमध्येच, तो उष्माघाताने गेला. बावन्न वर्षांचा होता. अख्ख्या अमेरिकेच्या डोक्यात बर्फ भरून ठेवणारा माणूस.

मी आप्पांना विचारलं, परक्या माणसाने आपला इतिहास रंगवला तर कसं वाटेल तुम्हाला? ते हसले. “अगं बाय, रंगवलाय की. शाळेच्या पुस्तकातले नाना फडणवीस आठव. सवाई माधवरावांशेजारी बसलेले, ते लांबट, किडकिडे. ते कुणी काढले? जेम्स वेल्स. स्कॉटलंडचा. पुण्याला येऊन राहिला, तिथल्या गंगाराम तांबटाला हाताशी घेतला, आणि १७९५ साली इकडेच साष्टीत मेला. तू डोळे मिटून नाना आठवलेस तर तुला वेल्सचेच नाना दिसणार.” मी डोळे मिटून पाहिलं. खरंच तेच दिसले. पगडी, बारीक चेहरा, दमलेले डोळे. इतकी वर्षं मला वाटत होतं की ते मला माझ्या मातीतून मिळालेत.

नाताळच्या दिवशी आम्ही नदीवर गेलो. आमच्या घरापासून पाऊण तास. डेलावेअरच्या दोन्ही काठांना उद्यानं आहेत आणि दर २५ डिसेंबरला हौशी मंडळी जुने गणवेश चढवून तो प्रसंग करून दाखवतात. पाणी चढलेलं असलं की होड्या न काढता सगळं सैन्य शेजारच्या पुलावरून चालत येतं. त्या दिवशी पाणी बेताचं होतं. आम्ही न्यू जर्सीच्या काठावर, जिथे ते उतरले तिथे उभे. चिखल गोठून कडक झालेला, बुटाखाली पापडासारखा मोडायचा. कुणीतरी थर्मासमधून गरम सफरचंदाचा रस वाटत होतं, त्यातल्या दालचिनीचा वास वाऱ्यावर पसरलेला. नदी बघून आप्पा निराश झाले. “ही? आमच्या खाडीत अशा चार मावतील.”

मग पलीकडून होड्या निघाल्या, आणि आप्पा गप्प झाले.

चित्रातल्या होडीशी त्यांचा काही संबंध नव्हता. लांबच लांब, काळ्या, दोन्ही टोकांना निमुळत्या आणि चांगल्या खोल. शेजारी उभ्या एका दाढीवाल्याने सांगितलं, ह्या डरहॅम बोटी, मुळात लोखंड वाहायच्या. आत बसायला पाटल्या नसत. म्हणजे माणसं? “उभी,” तो म्हणाला. होडीच्या कडा माणसाच्या कमरेपर्यंत येतात, पडायची भीती नाही. मी आप्पांना मराठीत सांगितलं. इतक्या वर्षांत लोकांनी लोटेकरांना सगळ्यात जास्त ज्यावरून हसून घेतलं, तो वॉशिंग्टनचं उभं राहणं, तेवढंच बहुधा बरोबर होतं.

“आणि वल्हवत कोण होतं?” आप्पांनी विचारलं. मी दाढीवाल्याला विचारलं. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरच्या मार्बलहेड गावची माणसं. मासेमारी करणारी. त्यांच्या पलटणीत गोरे होते, काळे होते, इथले मूळचेही होते.

“म्हणजे कोळी,” आप्पा म्हणाले. “कोळ्यांनी नेलं त्यांना.” त्यांचा चेहरा असा उजळला की जणू हर्णैच्या कुणा ओळखीच्या नाखव्याचं नाव निघालं. मग थोड्या वेळाने, तक्रारीच्या सुरात, “तरीच म्हटलं. चित्रात एकालाही वल्हं धरता येत नव्हतं. ज्यांना येत होतं ते कुठे आहेत?”

परतताना गाडीत ते खाडीतल्या तरीबद्दल बोलत राहिले. मीही कधी ऐकलं नव्हतं ते. तरवाला म्हातारा दोन वल्ह्यांची होडी ओढायचा तेव्हा त्याची पाठ जायच्या काठाकडे आणि तोंड सुटलेल्या काठाकडे असायचं. पुढे कुठे जायचंय ते तो मागचं बघून ओळखायचा, देवळाचा कळस आणि त्यामागचा माड एका रेषेत धरून. आप्पा दप्तर मांडीवर घेऊन त्याच्यासमोर बसायचे. त्याला मागचा गाव दिसायचा, आप्पांना पुढची शाळा. मधल्या सीटवरून लेक म्हणाली, “म्हणजे तो उलटा बसायचा?” आप्पा म्हणाले, “सुलटाच. वल्हवायचं तर तसंच बसायला लागतं.”

त्या रात्री त्यांनी लेकीकडून मोठा कागद आणि तिच्याकडची सगळ्यात काळी पेन्सिल मागून घेतली. दोन दिवस जेवणाच्या टेबलाचं एक टोक अडलं होतं. खरं चित्र काढतो म्हणाले, लोटेकरांना दाखवायला. लांब डरहॅम बोट, कडांपर्यंत खोल. झेंडा नाही. सुळके नाहीत, बर्फाच्या चपट्या लाद्या. पुढाऱ्याला त्यांनी गर्दीत कुठेतरी टाकला होता, कोणता ते ओळखू येईना. मध्ये होते ते वल्हवणारे, मार्बलहेडचे कोळी, त्यांच्या मनगटांच्या शिरा, वल्ह्यावरची पकड, अंगठा कुठे आणि बोटं कुठे. आणि मग त्या सगळ्यावर रात्र. रेघेवर रेघ, रेघेवर रेघ, कागद चकाकायला लागेपर्यंत काळा.

लेकीने नाक कागदाला लावून बघितलं. “आजोबा, ह्यात काहीच दिसत नाही.”

“रात्रीचं तसंच दिसतं.”

“पण एवढी माणसं काढलीत ना तुम्ही?”

आप्पा काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसला, परत घातला. मग भाजीची सुरी घेऊन खोडरबराचा कोपरा तिरका कापला, शाळेत मुलांचे कापून द्यायचे तसा. एका वल्ह्याच्या ओल्या कडेवरून तो अलगद ओढला. पांढरी रेघ उमटली. मग एका माणसाच्या गालावर, मग कपाळावर. लेक म्हणाली, “ह्यांची पण तोंडं आतच आहेत.” ते ऐकून मी ओट्यापाशी थांबले. आप्पांचं लक्ष नव्हतं, ते दुसऱ्या चेहऱ्यापाशी पोचले होते.

“आप्पा,” मी म्हटलं, “उजेड कुठून आला?”

त्यांनी कागदावर फुंकर मारली, रबराचा चुरा टेबलभर उडाला. “गप बस जरा,” म्हणाले, आणि तिसऱ्याच्या कपाळावर रबर टेकवला.